मुकादमाचे सांधे

गल्लीतली माणसं त्यांना कंपाउंडरकाका म्हणत आणि काकांना त्यात काडीचाही कमीपणा वाटत नसे. डॉक्टर ही पदवी असते, परीक्षा दिली की मिळते. कंपाउंडर व्हायला चाळीस वर्षं उभं राहावं लागतं, असं ते म्हणत. आणि ते खरंच चाळीस वर्षं उभे राहिले होते. एका बुटक्या खिडकीच्या आड, पाठीमागे बाटल्यांच्या फळ्या, पुढ्यात पितळी काटा. मिक्श्चरच्या बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची पट्टी ते अशी कातरत, की एक खाच दुसरीपेक्षा तसूभरही मोठी नसे. कडेवर मूल घेऊन कोणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वजन किती?" वजन कळलं की डोस कळला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर चुकीचा आकडा लिहिलेला त्यांनी तीनदा पकडला होता. हे तीन किस्से ज्याला ठाऊक नाहीत, तो गल्लीत नवा भाडेकरू समजावा.

दवाखाना बंद होऊन आता सहा-सात वर्षं झाली होती, पण लोकांची सवय सुटली नव्हती आणि काकांची तर नाहीच. कोणाचं डोकं धरलं, कोणाची कंबर लचकली की ती स्वारी काकांच्या दारात. मग काका कपाटातून पत्र्याचा डबा काढत, चष्मा कपाळावरून नाकावर घेत आणि गंभीर चेहऱ्याने दोन गोळ्या कागदात बांधून देत. या डब्यातल्या पिवळ्या गोळ्यांवर त्यांचा फार जीव. काकूंचे गुडघे सहा वर्षं त्यांनीच चालते ठेवले, असं ते मनाशी म्हणत. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. पोटातून रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. ते काका मनाशीही म्हणत नसत.

काकूंच्या मागे घरात तिघं उरले: काका, त्यांची लेक आणि मुकादम.

मुकादम हा कुत्रा. गल्लीत पाण्याचे नळ टाकायला खड्डे खणत होते, तेव्हा हे एवढंसं पिल्लू कुठूनसं येऊन मातीच्या ढिगावर बसलं. कामगार जरा विसावले की ते भुंकायचं. काकूंनी त्याला घरात आणलं, आणि नाव तर ते आधीच कमावून बसलं होतं. त्याला आता तेरा वर्षं झाली होती. आधी मऊ पाव, मग लाड, मग काकू गेल्यावर दोघांचं दुःख, हे सगळं खाऊन तो एकतीस किलोंचा झाला होता.

त्याचं दुखणं आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मुकादम तक्रार करणारा नव्हता. दारापुढच्या तीन पायऱ्या चढताना तो जरा थांबायला लागला, एवढंच. मग फरशीवर त्याचे मागचे पाय घसरायला लागले. पुढे पुढे सकाळी उठणंच कठीण झालं. पुढचे पाय टेकायचा, छाती वर उचलायचा आणि मागचा भाग तसाच जमिनीला खिळलेला. घशातून बारीकसा आवाज निघायचा आणि लगेच तो इकडेतिकडे बघायचा, जणू तो आवाज दुसऱ्याच कोणी काढला. काकूंचाही उठताना असाच आवाज व्हायचा आणि त्याही लगेच काहीतरी भलतंच बोलायला लागायच्या.

लेक विम्याच्या कार्यालयात होती. लोकांनी भरलेले दाव्यांचे फॉर्म तपासायचे, तारखा जुळवायच्या, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून "इथे काय?" असं विचारायचं, हे तिचं काम. तिने एका शनिवारी मुकादमाला गाडीत घातलं आणि काकांनाही.

प्राण्यांची डॉक्टरीणबाई काकांच्या मते फारच तरणी होती. तिने मुकादमाला चालवून पाहिलं, मागचा एकेक पाय हळूच दुमडला, ताणला. तो हिसका देऊन मागे वळला, पण चावला नाही.

"कमरेत आणि गुडघ्यांत झीज आहे," ती म्हणाली. "बरी होणारी नाही, पण दुखणं कमी करता येतं. आधी वजन उतरवा, निदान पाच किलो. फरशीवर सतरंज्या अंथरा, पाय घसरले की सांधे जास्त दुखतात. फिरवायचं थोडं थोडं, पण रोज. गरम शेक पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. आणि एक गोळी देते, पण रक्त तपासल्यावर. रिपोर्ट चार दिवसांनी येईल."

"दुखतायत गुडघे, तर रक्त कशाला?" काकांनी विचारलं.

"यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहेत ना, ते बघून मगच गोळी सुरू करायची असते, काका."

काकांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र लेकीला म्हणाले, "आमच्या वेळी माणसांना एवढं कोणी करत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाला उठायला सात मिनिटं लागली. काका घड्याळ लावूनच बसले होते. लेक बाजारात गेली, आणि आपण चार दिवस या जिवाकडे नुसतं बघत बसायचं, हे काकांच्याने होईना. चाळीस वर्षांत एकही माणूस त्यांनी कण्हत परत पाठवला नव्हता. त्यांनी डबा काढला. वजन एकतीस किलो, म्हणजे दहा वर्षांचं पोर. पोराला अर्धी. त्यांनी पिवळी गोळी ब्लेडने बरोबर मधोमध कापली, पावाच्या मऊ गरात दडवली आणि मुकादमापुढे धरली. त्याने ती मोठ्या विश्वासाने गिळली.

संध्याकाळी दुसरी अर्धी. तिसऱ्या दिवशी मुकादम पायऱ्या चढला! न थांबता चढला आणि वर जाऊन शेपूट हलवत उभा राहिला. काकांना दवाखान्याच्या खिडकीत पुन्हा उभं राहिल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंची गोळी सुरू झाली, दिवसाला एक, आणि ती लेक स्वतः सकाळी द्यायची. काकांनी आपली थांबवायला हवी होती. पण ते बघत होते की सुधारणा त्यांच्या गोळीने झाली आहे. ती काढून घेतली आणि हा पुन्हा बसला तर? आणि खरं सांगायचं तर, लेक फोनवर कोणाला तरी म्हणाली, "नव्या डॉक्टरांच्या हाताला काय गुण आहे बघ," ते त्यांना झोंबलं. ते मूग गिळून बसले. दोन्ही गोळ्या चालू राहिल्या.

नवव्या दिवशी मुकादमाने पाव हुंगला आणि तोंड फिरवलं. पाणी प्यायला, ते ओकला. दुपारी काका त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. त्याने जी घाण केली, ती डांबरासारखी काळी आणि चिकट होती.

काका तिथेच खाली बसले. हे त्यांना शिकवावं लागणार नव्हतं. काळी विष्ठा म्हणजे आत रक्त. त्यांनी मुकादमाचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी लेकीला फोन केला.

दवाखान्यात टेबलावर मुकादम आडवा पडला होता. उठायची त्याची इच्छाही दिसत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं आणि मग सरळ काकांकडे पाहिलं.

"माझ्या गोळीशिवाय दुसरं काही दिलंत का? घरातलं, माणसांचं औषध? दुखण्यावरची गोळी?"

"नाही," काका म्हणाले.

तो शब्द त्यांनी ठरवून काढलाच नाही. तो तोंडात तयार होता, आणि का तयार होता ते काकांना त्याच क्षणी कळलं. हा प्रश्न त्यांना आधीही एकदा विचारला गेला होता. मोठ्या इस्पितळात, काकूंना आत नेताना, असाच एक तरुण डॉक्टर समोर उभा राहून म्हणाला होता, "यांना कसल्या गोळ्या चालू होत्या का?" काकूंच्या पोटात तेव्हा सहा वर्षांच्या पिवळ्या गोळ्या होत्या, रोज दोन. कंपाउंडरने स्वतःच्या बायकोला, कोणाला न विचारता! त्या पोरसवद्या डॉक्टरपुढे हे कसं सांगायचं? काका तेव्हाही "नाही" म्हणाले होते. लेक शेजारीच फॉर्म भरत उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावरून फिरवलं. पडद्यावरचं राखाडी धुकं काकांना काही कळलं नाही.

"जठराची भिंत जाड झालीय," ती म्हणाली. "एक तर जखम आहे, नाहीतर गाठ. त्याला माणसांची गोळी मिळाली असती तर मी जखमच धरून चालले असते. जखम भरून येते. पण माझ्या एका गोळीने पाच दिवसांत एवढा रक्तस्राव, आणि तोही रिपोर्ट चांगला असताना, हे मला पटत नाही. म्हणजे या वयात गाठच जास्त शक्य आहे. उघडून बघावं तर भूल सोसायची ताकद त्याच्यात उरलेली नाही." तिने हातमोजे काढले. "मी घाई करत नाहीये. पण त्याला फार हाल व्हायच्या आधी शांतपणे जाऊ द्यायचं का, याचा विचार करा. मी शेजारच्या खोलीत आहे."

तिने टेबलावर संमतीचा एक कागद ठेवला आणि ती गेली.

लेकीने मुकादमाचा कान हातात घेतला. तो कान ती लहानसहान गोष्टींसाठीही धरायची, परीक्षेचा निकाल असो की कोणाशी बिनसलेलं असो. ती रडायला लागली, आवाज न करता.

"आईसारखं नको, बाबा," ती म्हणाली. "ती दोन दिवस नुसती रक्त ओकत होती आणि आपण बाहेर बाकड्यावर बसून होतो. याला तरी तसं नको."

मुकादमाला गाठ नाही, हे या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होतं. तोंड उघडलं तर कुत्रा वाचेल. पण तोंड उघडलं की लेक पुढचा प्रश्न विचारणार, आणि तो कुत्र्याबद्दल नसणार. गप्प राहिलं तर तेरा वर्षांचा एक म्हातारा जीव जाईल, सगळे हळहळतील, वय झालं होतं म्हणतील, आणि काका पुन्हा एकदा सुटतील. सुटणं म्हणजे काय, ते त्यांना दोन वर्षं चांगलंच माहीत होतं. ते सुटले होते आणि त्या दिवसापासून त्यांना एक घास गोड लागला नव्हता.

लेकीने कागद ओढून घेतला. जिचा सगळा दिवस लोकांचे फॉर्म ओळीनओळ वाचण्यात जातो, तिने हा न वाचताच उलटला आणि सहीची जागा शोधली. पेन टेकवलं.

"सही करू नकोस," काका म्हणाले. आवाज इतका चिरका आला की मुकादमानेही मान हलवली. "मी दिल्या. पिवळ्या गोळ्या. डब्यातल्या."

लेकीने वर पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "डॉक्टर! डॉक्टर, या इकडे!"

डॉक्टरीणबाई धावत आली. तिने किती, कधीपासून, असं विचारलं आणि काकांनी एखाद्या शाळकरी पोरासारखं सगळं घडाघडा सांगितलं. आठ दिवस. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. गोळीचं नाव, ताकद, काल संध्याकाळची शेवटची दिली ती वेळसुद्धा. एकतीस किलो, म्हणून अर्धी.

"वजनाचा प्रश्नच नाही, काका," ती म्हणाली. ती सलाईन लावायला पायावरचे केस कापत होती आणि हात थांबत नव्हता. "कुत्रा म्हणजे लहान मूल नव्हे. ही गोळी त्याला कुठल्याच मापात चालत नाही. वर माझीही चालू होती." मग ती मान वर न करता म्हणाली, "पण सांगितलंत ते बरं केलंत. आता निदान मला काय करायचं ते कळलं."

लेकीने कागदाची चौकोनी घडी केली, आणखी एक घडी केली आणि पर्समध्ये टाकली. ती एक अक्षर बोलली नाही. गाडीत नाही, घरी आल्यावरही नाही.

मुकादम तीन दिवस दवाखान्यात होता. दुसऱ्या दिवशी ओकणं थांबलं, तिसऱ्या दिवशी त्याने चमचाभर पेज चाटली. घरी आणला तेव्हा तो अगदी उतरून गेला होता. पाच किलो वजन कमी करायचं होतं, त्यातलं बरंचसं असंच गेलं. दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या बंद. पोट भरून येईपर्यंत नुसता शेक, मालिश आणि सतरंज्या. पुढचं पुढे बघू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे दुखणं होतं तिथेच होतं. सकाळी उठताना तो पुन्हा तसाच आवाज काढायचा, आणि काकांना तो आता नुसता बसून ऐकावा लागत होता.

लेकीने घरभर सतरंज्या अंथरल्या. त्याची ताटली पालथ्या खोक्यावर ठेवली, म्हणजे मान फार वाकवायला नको. पायऱ्यांवर सुताराकडून उतरती फळी बसवून घेतली. काकांशी ती बोलायची, नाही असं नाही. "पोटाचं औषध आठला देते." "शेक तुम्ही द्या." "पाणी बदललंत का?" पण त्यापलीकडे काही नाही. काका तिच्या प्रश्नाची वाट बघत होते. कपाटातला डबा ती फेकून देईल म्हणून वाट बघत होते. तिने त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तो रिकामा करून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गोळ्या नेऊन दिल्या. परत आले तेव्हा ती भांडी पुसत होती. तिने विचारलं नाही, कुठे गेला होतात. तिने रागाने भांडं आपटलं असतं तरी काकांना हायसं वाटलं असतं.

रविवारी दुपारी काका मुकादमाजवळ सतरंजीवर बसले होते. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्याच्या कमरेवर होता. लेक पलीकडे बसून त्याचा मागचा पाय हळूहळू चोळत होती, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं तसा, वरून खाली. मुकादमाचे डोळे मिटत आले होते.

काकांना वाटलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"तुझ्या आईलाही मी त्याच देत होतो," ते म्हणाले. "सहा वर्षं. रोज दोन. इस्पितळात विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. मला लाज वाटली. तू विचारशील म्हणून मी आठवडाभर वाट बघतोय. तू विचारत नाहीस, म्हणून सांगतो. ती माझ्यामुळे गेली असेल."

लेकीचा हात चालूच राहिला, वरून खाली.

"मला माहीत आहे, बाबा."

"कधीपासून? दवाखान्यातल्या त्या दिवसापासून?"

"नाही. तेव्हापासूनच." तिने मुकादमाच्या पायावरून नजर हलवली नाही. "आई त्या गोळ्यांच्या पुड्या उशीच्या अभ्र्यात ठेवायची. अभ्रे धुवायला मीच काढायचे. त्या डॉक्टरने विचारलं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर होतं. फॉर्मवर रकाना होता, चालू औषधं. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, बाबांना कळतं. चाळीस वर्षं हेच केलंय त्यांनी, त्या गोळ्या सांगण्यासारख्या नसतील म्हणूनच नाही म्हणतायत. आणि मी तिथे 'नाही' लिहिलं. माझ्या हाताने." ती दुसऱ्या पायाकडे वळली. "दिवसभर मी लोकांना दरडावते, खरं लिहा म्हणून. तुम्हाला काय विचारू मी?"

स्वतःच्या वाट्याचं ओझं त्यांनी दोन वर्षं उचललं होतं. त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, पोरगी तेवढंच ओझं घेऊन निजत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. तिच्या डोक्यापर्यंत तो पोचला नाही, मुकादमाच्या पाठीवरच राहिला.

"तुझी त्यात काहीच चूक नाही गं," ते म्हणाले. "ऐक माझं. तुझी काही चूक नाही."

लेकीने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हेही तुम्ही म्हणताय म्हणून मानू का, बाबा?"

टॉवेल गार झाला तसा मुकादम कण्हला, आणि तो पुन्हा गरम पाण्यात पिळून आणायला ती उठली.